कागद ओढला की टाके सैल होतात: फाउंडेशन पेपर पीसिंगसाठी कागद कसा निवडायचा

गोधडीचा (क्विल्टचा) एक चौकोनी ब्लॉक शिवून होतो, टोकं एकदम धारदार आलेली असतात, इस्त्री मारून उलटसुलट करून बघितलं तरी सगळं जागच्या जागी, आणि मग मागचा कागद काढायला घेतला की पहिल्याच ओढीला शिवण तोंड उघडते. फाउंडेशन पेपर पीसिंग, म्हणजे कागदावर छापलेल्या रेषांवरून कापडाचे तुकडे शिवत ब्लॉक करायची पद्धत, ती करणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि ती एकदा होऊन थांबत नाही, दर ब्लॉकला होते. मग कोणी सांगतं टाका बारीक कर, कोणी म्हणतं सुई बदल, कोणी म्हणतं अमुकच कागद आण, आपण एकेक गोष्ट सुटीसुटी करून बघतो आणि तरी जमत नाही. माझं मत असं की कागद, सुई आणि टाक्याची लांबी या तीन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या तर हा प्रॉब्लेम सुटत नाही, तिन्हींचं एकमेकांशी जमलं पाहिजे. आणि सुरुवात कागदापासून करायची, कारण टाका आणि सुई मशीनवर दोन मिनिटांत बदलता येतात, पण पन्नास प्रिंट काढून ठेवले की कागद बदलायचा जीव होत नाही.

मला हे नीट कळलं ते एका आठ टोकांच्या चांदणीमुळे. ब्लॉक १२ इंची, कागद मुद्दाम चांगला म्हणून घेतलेला, १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), पांढराशुभ्र, गुळगुळीत, आणि टाका मशीनचा नेहमीचा २.५ मिलीमीटरचा. शिवताना कागद इतका छान सरळ राहिला की वाटलं हाच आपला कागद. काढताना मात्र तो रेषेवर फाटेना, टाक्यांना धरून बसला. डाव्या अंगठ्याने शिवण दाबून धरली आणि उजव्या हाताने जोर लावला तर करकर आवाज करत एकदम सुटला आणि त्याच्याबरोबर दोरा कमानीसारखा वर आला. सुलट्या बाजूने बघितलं तर दोन कापडांच्या मधे टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसत होते, आणि जिथे आठही टोकं भेटतात तिथे चक्क बारीक भोक पडलेलं. शिवण रेषेवरच होती, मापही बरोबर होतं. चुकला होता तो कागद.

आता यात नक्की होतं काय ते बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या पद्धतीत शिवताना कागद वर असतो, कापड खाली, छापलेली रेष आपल्या डोळ्यासमोर. म्हणजे सुईचा दोरा कागदाच्या बाजूला आणि बॉबीनचा दोरा कापडाच्या बाजूला. प्रत्येक टाक्यात कापडाच्या दोन थरांबरोबर कागदही बांधला जातो. नेहमीचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलीमीटर जाड असतो, तो काढून घेतला की टाक्यात तेवढी जागा मोकळी राहते. ऐकायला हे काहीच नाही, पण कागद जितका जाड तितकी ही ढिलाई जास्त, आणि टाका जर लांब असेल तर ती ढिलाई सुलट्या बाजूने डोळ्यांना दिसते. हा झाला एक भाग. दुसरा भाग म्हणजे फाडताना बसणारा ताण, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

९०/१४ नंबरच्या सुईतला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलीमीटर, ८०/१२ म्हणजे ०.८. टाका २.५ ठेवून ८० ची सुई वापरली तर दोन भोकांच्या मधे जवळजवळ १.७ मिलीमीटर सलग कागद उरतो. तोच टाका १.५ केला आणि सुई ९० ची घातली तर मधे उरतो फक्त ०.६. म्हणजे फाडताना तोडायचा कागद एका टाक्यामागे जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आला! इंचामध्ये टाके मोजले तर २.५ ला साधारण १०, १.८ ला १४ आणि १.५ ला १७ पडतात. तर टाका बारीक केल्याने शिवण नुसती घट्ट होत नाही, कागदाला पावतीपुस्तकासारखी भोकांची रेष पडते आणि तो आपणहून तिथे सुटतो. म्हणून टाका बारीक कर हा सल्ला बरोबरच आहे, फक्त १०० जीएसएमच्या चिवट कागदाला तो एकटा पुरत नाही, मधे उरलेला तो ०.६ चा तुकडाही त्या कागदात दोऱ्यापेक्षा हट्टी निघतो.

याचं कारण कागदाच्या तंतूंमध्ये आहे. लिहायचा, छापायचा चांगला कागद हा फाटू नये म्हणूनच बनवलेला असतो, त्यातले तंतू लांब आणि एकमेकांत घट्ट बसलेले, काही कागदांत तर कापसाचे तंतूही घालतात. न्यूजप्रिंट म्हणजे वर्तमानपत्राचा कोरा कागद, त्यात लाकूड दळून केलेला लगदा असतो, तंतू तुटके, आखूड, म्हणून तो पटकन फाटतो. तो लवकर पिवळा पडतो हे खरं, पण आपण कागद काढूनच टाकणार असतो, त्यामुळे पिवळं पडण्याचं आपल्याला काय. इथे आपली नेहमीची समजूत उलटी करावी लागते, या कामात कमजोर कागद हाच चांगला कागद. पण इतकाही कमजोर नको की शिवतानाच रेषेवरून वेगळा होईल किंवा इस्त्री फिरवली की चुरगळेल. शिवेपर्यंत टिकला पाहिजे आणि ओढल्यावर सुटला पाहिजे, या दोन्ही परीक्षा त्याला द्यायच्या असतात.

मग कोणता घ्यायचा?

न्यूजप्रिंटचा, साधारण ४५ ते ५० जीएसएमचा, छापलेला नाही तर कोरा कागद हा माझा पहिला पसंतीचा. फाडताना आवाजही मऊ येतो आणि दोऱ्यावर ताण जाणवत नाही. फाउंडेशन पेपर म्हणून जे गठ्ठे विकायला असतात त्यातले बरेचसे याच जातीचे असतात, फक्त प्रिंटरच्या मापात कापलेले. छापलेलं वर्तमानपत्र मात्र वापरू नका, त्याची शाई हाताला लागते तशी कापडालाही लागते आणि फिकट कापडावरचा तो करडा डाग सहज निघत नाही.

ट्रेसिंग पेपर, पातळ, ४० ते ६० जीएसएमचा, हा छोट्या तुकड्यांच्या कामाला फार चांगला, कारण आरपार दिसतं. कापड कुठे बसलंय, पुढच्या रेषेच्या पलीकडे माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं जास्तीचं कापड, उरतेय की नाही हे उजेडाकडे धरायची गरज न पडता कळतं, आणि ज्यांना तुकडा कमी पडतो ही दुसरी नेहमीची तक्रार असते त्यांना तर मी हाच सांगते. घडी कडक पडते आणि घडीवर कागद कट्कन सुटतो. दोष असा की गरम इस्त्रीखाली तो गुंडाळायला लागतो आणि काही प्रिंटर त्याला धड ओढत नाहीत. आणि नक्शे काढायला वापरतात तो ९० च्या वरचा जाड ट्रेसिंग पेपर घेऊ नका, तो चिवट असतो, नाव एकच असलं तरी काम वेगळं.

झेरॉक्सचा साधा कागद, ७५ ते ८० जीएसएम. खरं सांगायचं तर बहुतेक लोक हाच वापरतात आणि तो चालतो, अगदी व्यवस्थित चालतो, पण १.५ चा टाका आणि ९० ची सुई असेल तरच. त्यातही ७५ आणि ८० मध्ये हाताला फरक जाणवतो, आणि रिसायकल केलेला मिळाला तर आणखी बरं, कारण दर वेळी लगदा करताना तंतू आखूड होत जातात. मोठे तुकडे, कमी शिवणी असलेला ब्लॉक असेल तर मी हाच घेते, त्याला वेगळा कागद आणायची काही गरज नाही. बारीक ब्लॉक, म्हणजे ३ इंचात पंधरा-वीस तुकडे, तिथे नको, शिवणींच्या मधे अडकलेले इवले इवले तुकडे चिमट्याने काढता काढता शिवणीच खेचल्या जातात.

पाण्यात विरघळणारा कागद हे ऐकायला सगळ्याचं उत्तर वाटतं, फाडायचंच नाही, धुतलं की गेला. बारीक ब्लॉकला तो खरंच उपयोगी आहे. पण काही गोष्टी आधी लक्षात घ्या. काही प्रकार पूर्ण विरघळतात, काहींचा चिकटपणा जातो आणि मऊ तंतू आतच राहतात, त्यामुळे पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. वाफेची इस्त्री अजिबात नको, ओल्या हाताने धरू नका, दमट जागी उघडा ठेवू नका. तुमचं कापड रंग सोडणारं असेल तर लाल-पांढऱ्या ब्लॉकला धुवायची वेळ आली की घात होतो, म्हणून आधी कापड धुऊन घ्या. आणि भिंतीवर लावायचं काम, जे कधी धुणारच नाही, त्याला हा कागद कशाला, तो आत कडकच राहणार.

जे टाळायचं ते पटकन सांगते. चकचकीत कोटिंगचा कागद नको. मेणकागद नको, इस्त्रीने मेण वितळून कापडात उतरतं. ओव्हनमध्ये वापरतात तो बेकिंगचा कागद सिलिकॉनमुळे घसरतो आणि त्यावर शाई बसत नाही. भेटवस्तू गुंडाळायचा टिश्यू पेपर पहिल्या दुसऱ्या शिवणीतच फाटतो. आणि कार्डपेपर तर मुळीच नको. इथे एक गोंधळ फार वेळा होतो, इंग्लिश पेपर पीसिंग म्हणून जी हाताने करायची पद्धत आहे तिथे षटकोनासारखे जाड कागदाचे तुकडे लागतात कारण कापड त्यांच्यावर दुमडून टाचायचं असतं, कागदातून मशीनची शिवण जातच नाही आणि तेच तुकडे काढून पुन्हा वापरतात. त्या पद्धतीचा सल्ला ऐकून कोणी इथे जाड कागद घेतला की झालीच पंचाईत. कोणी कागद सुचवला तर तो कोणत्या पद्धतीसाठी सुचवतोय ते आधी विचारा.

हे सगळं वाचून कागद आणाल, पण माझ्या मशीनवर जे जमतं ते तुमच्या मशीनवर तसंच्या तसं जमेल असं नाही, म्हणून ही पट्टीची चाचणी करा, यातच खरं उत्तर मिळतं. प्रत्येक कागदाची चार बोटं रुंद पट्टी कापा, खाली त्याच कापडाचे दोन थर ठेवा जे ब्लॉकला वापरणार आहात, दोरा तोच, सुई ९० ची नवी. तीन शिवणी मारा, एक २.० वर, एक १.८ वर, एक १.५ वर, आणि प्रत्येकीशेजारी पेन्सिलने आकडा लिहा. कोरडी इस्त्री फिरवा. मग एकेका शिवणीवर कागद घडी घालून नखाने दाबा आणि फाडा. आता पट्टी सुलट्या बाजूने उघडून दोन अंगठ्यांनी कापड हलकेच दोन बाजूंना ताणा आणि उजेडात बघा, टाके दिसतात का? दिसले नाहीत आणि फाडताना तुम्हाला दात-ओठ खावे लागले नाहीत, तर तो कागद आणि तो आकडा तुमचा. १.८ वर सुरळीत निघत असेल तर १.५ ला जायचा हट्ट करू नका, कारण उसवायची वेळ येतेच, आणि १.५ चे टाके उसवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. १.२ च्या खाली तर जाऊच नका, कागद शिवता शिवताच रेषेवर वेगळा होतो आणि पुढच्या तुकड्याला आधारच राहत नाही.

अजून एक बघण्यासारखं आहे. कागदाचा एक आडवा-उभा असतो, कापडासारखाच. एखादा कागद घ्या आणि लांबीच्या बाजूने फाडा, मग रुंदीच्या बाजूने फाडा. एका बाजूने तो पट्टी लावल्यासारखा सरळ जातो, दुसऱ्या बाजूने वाकडातिकडा पळतो. ए४ च्या बहुतेक कागदांत तंतू लांबीच्या दिशेने असतात. म्हणून ब्लॉकमध्ये लांब लांब सरळ शिवणी असतील, म्हणजे पट्ट्यांचं किंवा सूर्यकिरणांसारखं डिझाइन, तर शक्य असेल तिथे लांब रेषा कागदाच्या लांबीच्या दिशेने येतील असा प्रिंट काढा. वाकडा पळणारा कागद शिवणीच्या पलीकडे जाऊन दोऱ्याखाली चिंध्या ठेवतो, मग त्या काढायला चिमटा, आणि चिमटा लागला की दोरा ओढला जाणार हे आलंच.

प्रिंट काढतानाचे घोटाळे

यातला सगळ्यात मोठा घोटाळा मापाचा आहे आणि लोक तो शिलाईवर ढकलतात. ब्लॉक ६ इंची यायला हवा तो पावणेसहाच्या आसपास येतो, मग वाटतं माया जास्त घेतली गेली असेल. बरेच पॅटर्न लेटर साइजला बनवलेले असतात, म्हणजे २१६ बाय २७९ मिलीमीटर, आणि आपल्या प्रिंटरमध्ये असतो ए४, २१० बाय २९७. प्रिंटर आपणहून पानात बसवतो आणि नुसतं रुंदीत बसवायचं म्हटलं तरी चित्र ९७ टक्क्यांवर येतं, प्रिंटरने कडेची जागा सोडली तर आणखी खाली. ६ इंचाला ९७ टक्के म्हणजे ४ मिलीमीटरहून जास्त गेले. एका ब्लॉकला कळत नाही, दहा ब्लॉकची ओळ लावली की ४ सेंटीमीटर गायब. सेटिंगमध्ये ॲक्चुअल साइज किंवा १०० टक्के निवडा, फिट टू पेज काढून टाका, आणि पानावर जो १ इंचाचा चौकोन दिलेला असतो तो खरोखर पट्टीने मोजा, दोन्ही बाजूंनी. चौकोन नसेल तर ब्लॉकची एक लांब रेष मोजा, लांब रेषेवर चूक जास्त स्पष्ट दिसते. सगळ्या प्रती एकाच प्रिंटरवर, एकाच कागदावर, एकदम काढा. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स असं करत गेलं की माप हळूहळू सरकतं, आणि तेही दोन दिशांना वेगवेगळं.

लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन यांची शाई म्हणजे उष्णतेने वितळवून बसवलेली प्लास्टिकची भुकटी. तिला परत गरम इस्त्री लागली की ती मऊ होते. आपण इस्त्री कापडाच्या बाजूने करतो तेव्हा छापील बाजू खाली टेबलाच्या कापडावर असते, रेषा त्या कापडावर उमटतात, आणि पुढचा फिकट ब्लॉक त्यावर ठेवला की त्याच्यावर. हे डाग कुठून आले हे लोकांना कळत नाही, मीही बराच वेळ इस्त्रीचा तळ पुसत बसले होते. उपाय सोपा, खाली एक साधा फडका घाला आणि तो बदलत राहा, इस्त्री फिरवत न बसता दाबून उचला. इंकजेटच्या शाईचं उलट आहे, तिला उष्णतेपेक्षा पाण्याचा त्रास, ओलं बोट लागलं तरी पसरणारी शाई असते. कागद ओला करून काढायचा विचार असेल तर आधी एका कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून बघा.

पातळ कागद प्रिंटरमध्ये अडकतो, दोन एकदम जातात, तिरका जातो. एकेक कागद घाला, गठ्ठा ठेवू नका. इंकजेट असेल तर पातळ कागदाची पुढची कड, म्हणजे जी आधी आत जाते ती, साध्या कागदाला पातळ टेपने चिकटवून जोडीने पाठवा, मस्त जातो. लेझरमध्ये मात्र टेप, डिंक, प्लास्टिकचा थर असलेला कागद यातलं काही घालू नका, आत भरपूर उष्णता असते, चिकट वितळून मशीन बिघडतं.

आणि प्रिंटरच नसेल, किंवा हव्या त्या कागदावर छापताच येत नसेल, तर एक जुनी युक्ती आहे जी मला स्वतःला छपाईपेक्षाही आवडते. न्यूजप्रिंटचे आठेक कागद एकावर एक ठेवा, सगळ्यात वर रेषा काढलेला कागद, कडांना टाचण्या, आणि मशीनची सुई दोरा न ओवता, बॉबीन काढून, सगळ्या रेषांवरून नुसती चालवा. खालच्या प्रत्येक कागदावर भोकांची रेष उमटते. शाई नाही म्हणजे डाग नाही, माप शंभर टक्के तेच, आणि कागदाला भोकं आधीच पडलेली असल्यामुळे काढताना तर लोण्यासारखा निघतो. तुकड्यांचे नंबर तेवढे हाताने टाकायचे. सुई यात बोथट होते, म्हणून जुनी सुई वापरा आणि शिवायला बसताना नवी घाला.

इस्त्रीबद्दल एवढंच की वाफ बंद. कागद ओलावा घेतला की फुगतो, सुकला की आकसतो आणि गुंडाळतो, त्याच्याबरोबर ब्लॉकही. वाफेची सवय असलेल्यांना हे जड जातं पण पर्याय नाही.

कागद काढताना

आता कागद बरोबर, टाका बरोबर, तरी टाके ओढले जातात का? मग काढायची पद्धत बघा. कागद वर उचलून ओढू नका, पावती फाडतो तसा बाजूला फाडा. आधी प्रत्येक शिवणीवर कागद मागेपुढे घडी घालून घ्या, मग शिवण डाव्या हाताच्या दोन बोटांत टाक्यांच्या अगदी जवळ धरा, म्हणजे ताण बोटांवर येतो, दोऱ्यावर नाही. शेवटच्या नंबरच्या तुकड्यापासून सुरू करून उलट्या क्रमाने आत या, कारण शेवटची शिवण सगळ्यात वर असते, तिचा कागद आधी मोकळा झाला की आतला आपोआप सुटतो. एकापासून सुरू केलं तर प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या मायेखाली अडकलेला मिळेल. अडकलेच काही बारीक तुकडे तर ओल्या कापसाच्या काडीने कागद जरा भिजवा, मिनिटभर थांबा, मग बोथट चिमट्याने शिवणीच्या दिशेने सरकवा. मायेत शिवलेला तांदळाएवढा कण राहिला तर राहू दे, त्यासाठी शिवण ताणू नका.

शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटी जे टाके असतात तेच आधी सुटतात. रेष जिथे सुरू होते त्याच्या दोन-तीन टाके आधी शिवायला लागा आणि संपल्यावर दोन-तीन टाके पुढे जा, पुढची शिवण त्यांच्यावरून गेली की ते आपोआप पक्के होतात. मागेपुढे टाका घ्यायची गरज नाही, उलट तिथे कागदाचा भुगा होतो आणि गाठ जाड होते. उसवताना शिवणीवर कागद फाटला तर मागून, छापील नसलेल्या बाजूने, मॅट पारदर्शक टेपची पट्टी लावा आणि त्याच रेषेवर परत शिवा, फक्त टेपवर इस्त्री थेट टेकवू नका.

कागद कधी काढायचा यावर दोन मतं आहेत. माझं सांगायचं तर ब्लॉकच्या कडेला कापड उरेब, म्हणजे विणीला तिरकं, आलेलं असेल, आणि या पद्धतीत ते बहुतेक वेळा येतंच, तर शेजारचे ब्लॉक जोडून होईपर्यंत कागद ठेवा. कागद काढल्यावर उरेब कड बोटांच्या नुसत्या धरण्याने ताणते आणि दोन ब्लॉक एकमेकांना जुळत नाहीत. जोडशिवण मारली की आधी फक्त मायेतला पाव इंच रुंदीचा कागद काढा, शिवण उघडून इस्त्री करा, आतला कागद सगळ्यात शेवटी. याचा कागद निवडण्याशी थेट संबंध आहे, कारण ब्लॉक वीस दिवस हाताळला जाणार असेल तर फार नाजूक कागद तोवर कडांना विरून जातो. एका बैठकीत होणारं काम असेल तर न्यूजप्रिंट, महिनाभर पिशवीतून आत-बाहेर होणारं असेल तर ७५ चा साधा कागद आणि १.५ चा टाका, असं मी करते.

आणि एवढं करूनही फाडण्याचाच कंटाळा असेल किंवा हाताला त्रास होत असेल तर फाडावंच लागणार नाही असे दोन मार्ग आहेत. फ्रीझर पेपर, ज्याच्या एका बाजूला पातळ प्लास्टिकचा थर असतो, तो कोरड्या इस्त्रीने कापडाला हलका चिकटतो. कागद रेषेवर दुमडायचा आणि घडीला अगदी लागून, कागदात सुई न घुसवता शिवायचं. कागद सोलून निघतो आणि तोच पुढच्या चार-सहा ब्लॉकला चालतो. नजर आणि हात स्थिर लागतो, पहिले दोन ब्लॉक सावकाश करा. दुसरा मार्ग कापडी फाउंडेशनचा, पातळ मांजरपाट किंवा न विणलेलं पातळ इंटरफेसिंग (कापडाला आतून आधार द्यायला लावतात ते), जे आतच राहतं. हाताने शिवणाऱ्यांना मी हेच सांगते, कागदातून हाताने सुई काढत बसणं फार जिवावर येतं. फिकट कापडाखालून गडद माया दिसते तीही यात झाकली जाते. थर मात्र एक वाढतो, वजन वाढतं, आणि पुढे हाताने क्विल्टिंग, म्हणजे गोधडीचे सगळे थर टाक्यांनी एकत्र शिवणं, करणार असाल तर सुईला तो जाणवतो.

ज्यांचे ब्लॉक आधीच सैल झालेत त्यांनी ते टाकून देऊ नका आणि सगळं उसवूही नका. कागद पूर्ण काढून झाल्यावर ब्लॉक उलटा करा, सैल शिवणीच्या दोन्ही माया एकत्र धरा, जुन्या टाक्यांच्या भोकांवरूनच किंवा केसाएवढं मायेच्या बाजूला, १.८ वर दुसरी शिवण मारा. जुने टाके तसेच राहू दे. जिथे सगळी टोकं भेटतात तिथे मशीनने न जाता हाताने, एकेरी दोऱ्याने, मागून चार-पाच बारीक टाके घेऊन भोक आवळा, दोरा फार खेचू नका नाहीतर मध्य फुगतो. माझ्या त्या चांदणीचं मी हेच केलं. भोक बुजलं, टोकं मात्र अर्ध्या मिलीमीटरने आत गेली, आणि तेवढं दिसतं. ती पट्टीची चाचणी आता माझ्या मशीनच्या खणात असते, प्रत्येक नवीन गठ्ठ्याची एक पट्टी, तिच्यावर जीएसएम, सुई आणि टाक्याचा आकडा लिहिलेला. नवीन गठ्ठा त्याच नावाचा असला तरी आधी पट्टी शिवते, मगच प्रिंट काढते.